राउटर लांबून सांभाळताना : वाट कोणती, साधन कोणतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दोन-चार ठिकाणचे राउटर एका जागी बसून सांभाळायचं काम ज्यांच्याकडे आलं आहे, त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. एकच राउटर असेल तरी बराचसा भाग लागू पडेल. कंपनी बदलली की कमांड थोड्याफार बदलतात, त्यामुळे शब्दशः टाइप करण्याआधी आपल्या राउटरच्या माहितीपुस्तिकेत एकदा पाहून घ्या.

सुरुवात कुठून करू? आधी सॉफ्टवेअर निवडू का?

सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. आधी दोन गोष्टी कागदावर लिहून काढा. पहिली : सगळं सुरळीत चालू असताना तुम्ही राउटरपर्यंत कोणत्या वाटेनं पोचणार? दुसरी : ती लाइनच गेली, किंवा तुमच्याच एखाद्या कमांडनं ती वाट बंद झाली, तर कुठून पोचणार? बहुतेक जण पहिल्या प्रश्नावर आठवडा घालवतात आणि दुसरा प्रश्न साइट बंद पडते त्या दिवशी पहिल्यांदा विचारतात. दुसऱ्याचं उत्तर 'तिथल्या कुणालातरी फोन करू' असं असेल, तर तेही चालेल. पण मग तो माणूस कोण, रॅकची किल्ली कुणाकडे आणि कन्सोल केबल (राउटरला थेट जोडायची तार) कोणत्या कपाटात, हेही त्याच कागदावर हवं.

टेलनेट अजून चालतं. आमचं नेटवर्क आतलंच आहे. मग अडचण काय?

टेलनेट, म्हणजे लांबून राउटरवर कमांड टाइप करायची जुनी पद्धत, आहे १९६९ सालापासूनची आणि त्याचं आजचं प्रमाण आरएफसी ८५४ हे १९८३ चं. त्यात सगळं उघडं जातं, पासवर्डसकट. खात्री करायची असेल तर स्वतःच्या प्रयोगशाळेत वायरशार्क (नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारा प्रोग्रॅम) लावा, एकदा टेलनेटनं लॉगिन करा आणि 'फॉलो टीसीपी स्ट्रीम' दाबा. यूजरनेममधलं प्रत्येक अक्षर दोनदा दिसेल, कारण तुम्ही पाठवलेलं अक्षर राउटर परत पाठवतो. पासवर्डची अक्षरं मात्र एकेकदाच, सुटसुटीत, वाचायला अगदी सोपी. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की टेलनेटची बाजू घेणारा माणूस सहसा गप्प होतो.

'आतलंच नेटवर्क' हाही फसवा आधार आहे. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी असेच पासवर्ड टिपले, आणि त्यावर उपाय म्हणून तातू इलोनेन यांनी एसएसएच, म्हणजे टेलनेटचंच काम कूटबद्ध करून करणारी पद्धत, लिहिलं. तेही आतलंच नेटवर्क होतं. पुढे २०१६ मध्ये मिराई या मालवेअरनं टेलनेटचे २३ आणि २३२३ हे पोर्ट शोधत, कारखान्यातून आलेल्या साठेक यूजरनेम-पासवर्डच्या जोड्या वापरून, कॅमेरे आणि राउटर लाखांनी ताब्यात घेतले.

टेलनेटचा क्लायंट मात्र ठेवा. एखादा टीसीपी पोर्ट उघडा आहे का, हे चटकन पाहायला तो आजही कामाचा आहे.

एसएसएच चालू केलं. झालं ना काम?

अर्धं झालं. सिस्कोच्या राउटरवर नेहमी राहून जाणारी गोष्ट म्हणजे व्हीटीवाय लाइनी, म्हणजे लांबून येणाऱ्या लॉगिनसाठीच्या जागा. लोक 'लाइन व्हीटीवाय ० ४' वर 'ट्रान्स्पोर्ट इनपुट एसएसएच' लिहितात आणि निश्चिंत होतात. बऱ्याच उपकरणांवर ५ ते १५ या लाइनी वेगळ्या असतात आणि त्यांच्यावर टेलनेट चालूच राहतं. पहिल्या पाच लाइनी भरल्या की सहावा माणूस टेलनेटनं आत येऊ शकतो. हीच गत आयपीव्ही६ ची. आयपीव्ही४ साठी अ‍ॅक्सेस लिस्ट (कोणत्या पत्त्यांना आत येऊ द्यायचं याची यादी) लावली, पण आयपीव्ही६ ची यादी वेगळी लावावी लागते हे लक्षात आलं नाही, तर दार तिकडून सताड उघडं.

बाकीचं थोडक्यात : एसएसएचची फक्त आवृत्ती २, आरएसए की किमान २०४८ बिटांची, आणि ठरावीक पत्त्यांखेरीज कुणालाही लॉगिनची पाटीसुद्धा दिसू नये अशी अ‍ॅक्सेस लिस्ट.

विंडोजवर कोणता टर्मिनल प्रोग्रॅम घ्यावा?

नुसतं एसएसएच करायचं असेल तर काहीच घेऊ नका. विंडोज १० च्या एप्रिल २०१८ च्या अपडेटपासून ओपनएसएसएचचा क्लायंट विंडोजमध्येच असतो. विंडोज टर्मिनल उघडा आणि कमांड द्या. मॅक आणि लिनक्सवर तर तो आधीपासून आहेच.

सीरियल कन्सोलही हवा असेल तर पुटी. सायमन टॅथम यांनी लिहिलेला हा छोटासा प्रोग्रॅम १९९० च्या दशकाच्या शेवटापासून आहे आणि इन्स्टॉल न करताही चालतो. दोन गोष्टी मात्र सांभाळा. तो लेखकाच्या मूळ पानावरूनच घ्या. शोधयंत्रावर जाहिरात म्हणून वर येणाऱ्या पानांवरून घेऊ नका, कारण मालवेअर घुसवलेल्या पुटीच्या नकला अनेकदा सापडल्या आहेत. दुसरं, आवृत्ती ०.८१ किंवा त्यानंतरची हवी. ०.६८ ते ०.८० या आवृत्त्यांमध्ये एनआयएसटी पी-५२१ प्रकारच्या कीच्या सह्यांमध्ये दोष होता, आणि साठेक सह्या हाती लागल्या की खाजगी की काढता यायची. तशी की तुमच्याकडे असेल तर नुसतं अपडेट पुरत नाही. ती की सगळ्या राउटरवरून काढून नवी बनवायला हवी.

टेरा टर्म मला सीरियलच्या कामासाठी पुटीपेक्षा आवडतो, त्याचं कारण खाली कन्सोलच्या उत्तरात येईल. शेकडो उपकरणं, फोल्डर, लॉग, बटणं असा संसार असेल तर पैसे देऊन सिक्युअरसीआरटी घेणारे पुष्कळ आहेत आणि ते पस्तावत नाहीत. मोबाएक्सटर्मच्या मोफत आवृत्तीत साठवायच्या सेशनना १२ ची मर्यादा आहे, हे आधी माहीत असलेलं बरं.

कोणताही प्रोग्रॅम घ्या, पण लॉगिंग चालू ठेवा. राउटरवर काय टाइप केलं आणि त्यानं काय उत्तर दिलं, हे तारीख-वेळेसकट फाइलमध्ये पडू द्या. अशा लॉगमध्ये पासवर्डही येतात, म्हणून ती फाइल कुठे पडते तेही बघा.

जुन्या राउटरला जोडताना 'नो मॅचिंग की एक्स्चेंज मेथड फाउंड' येतं. राउटर बिघडलाय का?

नाही. तुमचा क्लायंट नवा आहे आणि राउटर जुनाच राहिला आहे. ओपनएसएसएचनं २०१५ मध्ये ७.० आवृत्तीत जुनी 'ग्रुप १' की-देवाणघेवाण मुळात बंद करून ठेवली, आणि सप्टेंबर २०२१ च्या ८.८ मध्ये एसएचए-१ वर आधारलेल्या आरएसए सह्याही. पहिला उपाय राउटरचं फर्मवेअर अद्ययावत करणं. ते शक्य नसेल तर एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये फक्त त्या एका राउटरच्या नावाखाली जुनी पद्धत चालू करा. इंटरनेटवर सापडणारं उत्तर बहुधा 'होस्ट' पुढे तारांकन लावून सगळ्यांसाठीच ती चालू करायला सांगतं. तसं करू नका. एका म्हाताऱ्या राउटरपायी बाकीच्या सगळ्यांची सुरक्षा खाली आणण्यात अर्थ नाही.

'होस्ट की (राउटरची ओळख पटवणारी की) बदलली आहे' अशी मोठी सूचना आली. साठवलेल्या जुन्या कीची ओळ पुसून पुढे जाऊ?

राउटर बदलला, रीसेट झाला किंवा की नव्यानं बनवली, यातलं एखादं घडल्याचं तुम्हाला नक्की माहीत असेल तर जा. नाहीतर थांबा आणि दुसऱ्या वाटेनं, शक्यतो कन्सोलवरून, कीचा ठसा पडताळा. मध्ये कुणी बसलं असेल तर हीच एक सूचना तुम्हाला ते सांगते.

वेब पॅनेल सोपं पडतं. तेच बाहेरून उघडं ठेवलं तर?

ठेवू नका. दुसऱ्या कुठल्याही गोष्टीबद्दल मी इतका आग्रह धरणार नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्कोच्या आयओएस एक्सई या राउटर-सॉफ्टवेअरच्या वेब पॅनेलमधली एक त्रुटी बाहेर आली. सीव्हीई-२०२३-२०१९८ असा तिचा क्रमांक आणि गंभीरता १० पैकी १०. हल्लेखोराला लॉगिनही करावं लागत नव्हतं. तो थेट सर्वोच्च अधिकाराचं खातं तयार करायचा, आणि दुरुस्ती येण्याआधीच हजारो उपकरणं ताब्यात गेली. तातडीचा सल्ला होता : बाहेरून पोचता येणारा एचटीटीपी सर्व्हर बंद करा. मिक्रोटिकच्या विनबॉक्स या व्यवस्थापनाच्या सोयीत २०१८ साली वेगळ्या जातीचा दोष निघाला. ८२९१ पोर्टवरून लॉगिनशिवाय वापरकर्त्यांची फाइल वाचता येत होती. दुरुस्ती एप्रिलमध्येच आली होती, पण अपडेट न केलेले राउटर त्यानंतर बराच काळ बळी पडत राहिले. दोन्ही ठिकाणी पासवर्ड कितीही भक्कम असता तरी उपयोग नव्हता, कारण पासवर्ड विचारलाच जात नव्हता.

अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, म्हणजे सीसानं, जून २०२३ मध्ये तिथल्या केंद्रीय सरकारी कार्यालयांना आदेशच काढला : व्यवस्थापनाचा इंटरफेस इंटरनेटवर उघडा सापडला, तर १४ दिवसांत तो काढा, नाहीतर त्याच्यापुढे स्वतंत्र तपासणीचा थर बसवा.

वेब पॅनेल हवंच असेल तर ते एसएसएचच्या बोगद्यातून उघडा. आतल्या एखाद्या लिनक्स मशीनवर एसएसएचनं जा आणि जाताना तुमच्या लॅपटॉपचा ८४४३ पोर्ट राउटरच्या ४४३ ला बांधून घ्या. मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ८४४३ उघडलं की पॅनेल समोर. बाहेरच्या जगाला काहीच दिसत नाही.

पोर्ट नंबर बदलला तर सापडणार नाही ना?

सापडणार. पूर्ण इंटरनेट स्कॅन करणाऱ्या सेवा वर्षानुवर्षं चालू आहेत आणि त्या फक्त २२ नंबर पाहत नाहीत. पोर्ट बदलल्यानं लॉगमधला कचरा कमी होतो, एवढंच.

मग व्हीपीएन घ्यायचं. वायरगार्ड, ओपनव्हीपीएन की आयपीसेक?

व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरून जाणारा कूटबद्ध बोगदा. राउटरला जे नीट येतं ते घ्या. दोन वेगळ्या कंपन्यांचे राउटर एकमेकांना जोडायचे असतील तर आयपीसेकखेरीज फारसा पर्याय उरत नाही. त्याला यूडीपी ५०० आणि ४५०० लागतात आणि जुळवणी कटकटीची आहे. ओपनव्हीपीएन टीसीपी ४४३ वरूनही चालतं, म्हणून कडक फायरवॉलच्या आडून काम करताना ते हाताशी असावं.

नव्यानं सुरुवात करत असाल आणि राउटरमध्ये सोय असेल तर वायरगार्ड. ते मार्च २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये, ५.६ आवृत्तीपासून, आहे. मिक्रोटिकच्या राउटरओएस ७ मध्येही आहे. ज्याच्याकडे योग्य की नाही त्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही.

पण राउटरवर वायरगार्ड लावताना दोन खाचखळगे आहेत. एक, समोरचा पत्ता नावानं दिला असेल तर ते नाव सहसा सुरू होतानाच एकदा शोधलं जातं. पलीकडचा आयपी बदलला की बोगदा मेल्यासारखा पडून राहतो. तो पुन्हा शोधायला एखादी छोटी स्क्रिप्ट लागते. दुसरा खळगा जास्त विचित्र आहे. वायरगार्ड प्रत्येक नव्या ओळखभेटीत वेळेचा शिक्का पाठवतं, आणि पलीकडचं टोक मागच्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का स्वीकारत नाही. अनेक स्वस्त राउटरांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज जाऊन आली की त्यांचं घड्याळ मागे गेलेलं असतं, कधी थेट १९७० मध्ये. मग बोगदा जुळत नाही. वेळ दुरुस्त करणारा एनटीपी सर्व्हर बोगद्यापलीकडे ठेवला असेल तर विषयच संपला : वेळ नाही म्हणून बोगदा नाही, आणि बोगदा नाही म्हणून वेळ नाही. एनटीपी बोगद्याबाहेरचा ठेवा. राउटर नॅटच्या (एका पत्त्यामागे अनेक उपकरणं ठेवणाऱ्या सोयीच्या) मागे असेल तर 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंदांवर ठेवा, नाहीतर बाहेरून आत येणारी वाट थोड्या वेळानं बंद होते.

आमच्या लाइनला सार्वजनिक आयपीच नाही. आता?

राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसतोय का? तो सीजीनॅटसाठी, म्हणजे इंटरनेट कंपनीच्या मोठ्या नॅटसाठी, २०१२ मध्ये राखून ठेवलेला पट्टा आहे. अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसलेले असतात. अशा लाइनवर पोर्ट फॉरवर्डिंग करून काहीही होत नाही, कितीही वेळा केलंत तरी.

उपाय एकच : आतून बाहेर फोन लावायचा. कुठेतरी सार्वजनिक आयपी असलेला छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घ्या, राउटरला तिकडे वायरगार्ड जोडू द्या, आणि तुम्हीही तिथूनच आत जा. व्हीपीएस सांभाळायचा नसेल तर टेलस्केल किंवा झीरोटियर हेच काम करतात. राउटरवर ते चालत नसेल तर आतल्या एखाद्या कायम चालू मशीनवर बसवा आणि त्याला पूर्ण सबनेट पुढे करायला सांगा. लाइनला आयपीव्ही६ मिळत असेल तर ती वेगळी, सरळ वाट आहे. फायरवॉल मात्र आधी.

टीमव्ह्यूअर किंवा एनीडेस्कनं तिथल्या पीसीवर जाऊन राउटर उघडला तर?

अडीअडचणीला चालतं. कायमची सोय म्हणून नको. पीसी झोपी गेला, अपडेट होऊन लॉगिनच्या पडद्यावर थांबला किंवा सफाई करताना कुणी प्लग काढला, की तुमची वाट गेली. शिवाय त्या पीसीवर बसणाऱ्याला तुमचा प्रत्येक पासवर्ड टाइप होताना दिसतो.

जंप होस्ट म्हणजे नक्की काय? छोट्या नेटवर्कला तो हवाच का?

राउटर फक्त एकाच मशीनचं ऐकतात आणि माणसं आधी त्या मशीनवर येतात, अशी रचना. ओपनएसएसएच ७.३ पासून 'प्रॉक्सीजंप' ही सोय आल्यावर ते एका ओळीचं काम झालं आहे. मधल्या मशीनवर तुमची खाजगी की ठेवावी लागत नाही, आणि ठेवूही नये. पाच-सहा राउटर आणि दोन माणसं असतील तरी मी तो लावीन, कारण अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये एकच पत्ता राहतो आणि माणूस सोडून गेला की एकाच जागी खातं बंद करावं लागतं. फक्त तो जंप होस्ट ज्या राउटरमागे आहे, तोच राउटर दुरुस्त करायला त्याच्यावर अवलंबून राहू नका.

लांबून बदल करताना स्वतःलाच बाहेर काढून बसतो. हे टाळायचं कसं?

हे कसं घडतं ते आधी पाहू. सिस्कोवर इंटरफेसला एक अ‍ॅक्सेस लिस्ट लावलेली आहे. तुम्ही ती पुसता आणि नव्यानं लिहायला घेता. यादी रिकामी असेपर्यंत सगळं चालू असतं. तुम्ही पहिली 'परमिट' ओळ टाकून एंटर दाबता, त्याच क्षणी यादीच्या शेवटी असलेला अदृश्य 'डिनाय' जागा होतो. पहिल्या ओळीत तुमचा स्वतःचा पत्ता नसेल, तर दुसरी ओळ टाइप करताना अक्षरं उमटायची थांबतात. कर्सर तिथेच. त्यानंतर एंटर दाबत राहण्याला काही अर्थ नसतो.

म्हणून, बदल करण्याआधी परतीची सोय. जुनिपरवर 'कमिट कन्फर्म्ड' आहे. वेळ दिला नाही तर १० मिनिटांत दुसरा कमिट आला नाही की राउटर आपणहून मागच्या कॉन्फिगवर जातो. व्हीवायओएसमध्येही तशीच सोय आहे. सिस्कोच्या आयओएसवर जुनी युक्ती म्हणजे 'रीलोड इन १०'. ती बदलाच्या *आधी* द्यायची. नंतर दिलीत तर तो 'कॉन्फिग बदललंय, सेव्ह करू का' असं विचारतो आणि घाईत 'यस' म्हटलं की सगळी योजना उलटली. बदल करा, सेव्ह करू नका, दुसऱ्या खिडकीतून नव्यानं लॉगिन होतंय का पाहा, मग 'रीलोड कॅन्सल', आणि त्यानंतर सेव्ह. कॅन्सल विसरलात तर भर कामाच्या वेळी राउटर रीस्टार्ट होईल, तेव्हा समोर घड्याळ ठेवा. रीस्टार्ट परवडत नसेल तर आर्काइव्ह लावून 'कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टायमर' वापरा. त्यात राउटर बंद न होता फक्त कॉन्फिग मागे जातं आणि 'कॉन्फिगर कन्फर्म' दिलं की बदल टिकतो.

मिक्रोटिकवर कंट्रोल-एक्स दाबून सेफ मोड. जोडणी तुटली की त्यातले सगळे बदल मागे घेतले जातात. पण तुटल्याचं कळायला राउटरला टीसीपीच्या टाइमआउटपर्यंत, साधारण नऊ मिनिटं, लागू शकतात. तेवढा वेळ धीर धरा. बरेच जण पाचव्या मिनिटाला साइटवर फोन करून राउटरचा प्लग काढायला लावतात.

आणि जो बदल होताना सेशन तुटणारच आहे, उदाहरणार्थ तुम्ही ज्या इंटरफेसवरून आलात त्याचाच आयपी बदलायचा आहे, तो ओळीओळीनं पेस्ट करू नका. सगळ्या ओळी एका फाइलमध्ये लिहून फाइल राउटरवर टाका आणि तिथून चालत्या कॉन्फिगमध्ये कॉपी करा. मध्येच तुम्ही तुटलात तरी राउटर उरलेल्या ओळी लागू करतो.

आउट ऑफ बँडवर, म्हणजे मुख्य लाइनीपासून वेगळ्या दुसऱ्या वाटेवर, खर्च करावा का? मुख्य लाइन तर वर्षात क्वचितच जाते.

साइटवर पोचायला किती वेळ लागतो आणि तेवढा वेळ बंद राहिलं तर किती नुकसान, यावर ठरवा. चालत जाण्याइतकी जवळ असेल तर नको. दिवसभराचा प्रवास असेल तर हवाच.

त्याचं साधं रूप म्हणजे कन्सोल सर्व्हर आणि त्याला एलटीई मोडेम. बजेट नसेल तर छोटा रास्पबेरी पाय, यूएसबी-सीरियल केबल आणि एलटीई डोंगल जमतं. सिम मुख्य लाइन देणाऱ्या कंपनीचं घेऊ नका, नाहीतर दोन्ही एकदम जातील. मोबाइलच्या लाइनवर बहुधा सीजीनॅट असतो, तेव्हा इथेही आतून बाहेर जोडणी लागेल. आणि महिन्यातून एकदा त्या वाटेनं खरोखर लॉगिन करून पाहा. रिचार्ज संपलेलं सिम हा आउट ऑफ बँड बंद पडण्याचा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात नेहमीचा प्रकार आहे.

वीजही लक्षात घ्या. अडकलेल्या राउटरला कन्सोलवरून काही सांगता येत नाही. त्याची वीज तोडून जोडावी लागते. त्यासाठी लांबून चालवता येणारी पॉवर पट्टी घ्या. (ती त्याच राउटरच्या वायफायवर जोडणारे लोक आहेत. एकदा बंद केली की परत चालू करता येत नाही.)

मोठ्या कंपन्यांचीही यातून सुटका नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडनं फेसबुकच्या डेटा सेंटरना जोडणारं जाळं तुटलं, त्यापाठोपाठ डीएनएस सर्व्हरचे मार्ग इंटरनेटवरून मागे घेतले गेले आणि सेवा सुमारे सहा तास बंद राहिल्या. कंपनीनं नंतर लिहिलं की मुख्य आणि आउट ऑफ बँड अशा दोन्ही वाटा बंद होत्या, म्हणून अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरवर पाठवावं लागलं, आणि तिथल्या कडक सुरक्षेमुळे आत शिरून काम सुरू करायलाही वेळ गेला. तुमची दुसरी वाट पहिल्या वाटेवरच्या डीएनएसवर, व्हीपीएनवर किंवा लॉगिन सर्व्हरवर टेकलेली आहे का, हे तपासायला यापेक्षा चांगलं कारण मिळणार नाही.

कन्सोल केबल लावली, पडदा काळाच आहे.

आधी एंटर दाबा. हसू नका, निम्म्या वेळा तेवढंच असतं. मग वेग पाहा. सिस्कोचा नेहमीचा वेग ९६००, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. मिक्रोटिकचा ११५२००. अक्षरं येताहेत पण चिनी-जपानी-चौकोन अशी खिचडी दिसतेय, म्हणजे वेग चुकला. राउटरचं लिहिलेलं दिसतंय पण तुमचं टाइप केलेलं जात नाही, तर फ्लो कंट्रोल बघा. पुटीमध्ये तो मुळात एक्सऑन-एक्सऑफ असतो. तो 'नन' करा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये केबलपुढे पिवळं चिन्ह आणि 'कोड १०' दिसत असेल तर बहुधा नकली प्रोलिफिक चिपची केबल आहे. दुसरी घ्या. तिच्या ड्रायव्हरशी झटापट करण्यात दिवस जातो.

लांबलचक कॉन्फिग कन्सोलवरून पेस्ट केलं तर मधली अक्षरं गळतात, कारण ९६०० च्या वेगानं राउटरला तेवढं गिळता येत नाही. टेरा टर्ममध्ये सीरियलच्या सेटिंगमध्येच प्रत्येक ओळीनंतर काही मिलिसेकंद थांबायची सोय आहे, म्हणून तो मला आवडतो.

क्लाउडवरून चालणारे राउटर घेतले तर हा सगळा व्याप वाचेल का?

बराच वाचतो. राउटर स्वतःच बाहेर जोडला जातो, त्यामुळे सार्वजनिक आयपीचा आणि उघड्या पोर्टचा प्रश्नच येत नाही. नेटवर्कचं खास माणूस नसलेल्या, एकसारख्या अनेक शाखांसाठी मी हाच पर्याय सुचवीन. पण दोन प्रश्न विकत घेण्याआधी विचारा. वर्गणी संपली तर राउटर चालू राहतो का? आणि क्लाउडशी संपर्क नसताना जागेवर बसून काय काय बदलता येतं? काही उत्पादनांत याची उत्तरं फारशी सुखाची नाहीत. क्लाउडच्या खात्याला द्विस्तरीय लॉगिन हवंच, कारण ते एक खातं म्हणजे सगळ्या शाखांची किल्ली.

इंटरनेट देणारी कंपनी आमच्या राउटरमध्ये शिरू शकते का?

तिनं दिलेला राउटर असेल तर बहुधा हो. त्यासाठी टीआर-०६९ हा ब्रॉडबँड फोरमचा २००४ सालचा प्रोटोकॉल वापरतात आणि त्याचा नेहमीचा पोर्ट ७५४७. नोव्हेंबर २०१६ मध्ये याच पोर्टवरून झालेल्या हल्ल्याच्या वेळी जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचे राउटर कोलमडले होते. शक्य असेल तर कंपनीचा राउटर ब्रिज मोडमध्ये (नुसती लाइन पुढे देण्याच्या कामावर) टाका आणि त्यामागे स्वतःचा लावा.

एसएनएमपीनं कॉन्फिग बदलता येतं म्हणे.

येतं, पण त्या वाटेला जाऊ नका. एसएनएमपी ही उपकरणांवर नजर ठेवायची पद्धत आहे, ती आकडे वाचायला ठेवा आणि तेही आवृत्ती ३, कूटबद्ध. आवृत्ती १ आणि २सी मधली कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे पासवर्डसारखा शब्द, टेलनेटच्या पासवर्डसारखीच उघडी जाते.

तीस राउटरवर एकच बदल करायचाय. एकेक उघडून करू?

तीसाव्याला पोचेपर्यंत एखाद्यावर चूक होणार हे ठरलेलं. अनेक राउटरवर एकदम कमांड देणारी साधनं वापरा : पायथॉन येत असेल तर नेटमिको, नसेल तर अ‍ॅन्सिबल. राउटर नवे असतील तर नेटकॉन्फ पाहा. ते एसएसएचवरूनच, ८३० पोर्टवर, चालतं आणि बदल पूर्ण लागू होईल किंवा अजिबात नाही, अशी हमी देणारे राउटर त्यात आहेत. आधी एका राउटरवर, मग तिघांवर, मग बाकी. आणि सगळ्यात दूरचा राउटर कधीही पहिला नको.

याच्याही आधी रॅन्सिड किंवा ऑक्सिडाइज्ड बसवा. ही साधनं ठरावीक वेळानं प्रत्येक राउटरचं कॉन्फिग उचलून ठेवतात आणि काय बदललं ते दाखवतात. काल रात्री कुणी काय केलं, या वादात ती फार वेळ वाचवतात.

एससीपीनं फर्मवेअर चढवताना एरर येते, पण लॉगिन तर होतं.

ओपनएसएसएच ९.० पासून, म्हणजे एप्रिल २०२२ पासून, एससीपी ही फाइल पाठवायची कमांड आतून एसएफटीपी ही दुसरी पद्धत वापरते. अनेक राउटरना एसएफटीपी येत नाही. कमांडमध्ये उणे चिन्ह आणि मोठा 'ओ' द्या, जुनी पद्धत परत येते. फाइल चढल्यावर तिची बेरीज-खूण, म्हणजे चेकसम, जुळवल्याशिवाय रीबूट करू नका.

सगळे जण 'अ‍ॅडमिन' नावानंच लॉगिन करतात. चालेल?

नाही. प्रत्येकाचं खातं वेगळं. राउटर आठ-दहापेक्षा जास्त झाले की टॅकॅक्स प्लस किंवा रेडियस सर्व्हर (सगळ्यांचं लॉगिन एका जागी तपासणारा) लावा. टॅकॅक्स प्लसमध्ये कोणी कोणती कमांड दिली हेही नोंदवता येतं. मात्र राउटरवर एक स्थानिक खातं राखीव ठेवा, त्याचा पासवर्ड मोठा आणि कुलूपबंद. लक्षात घ्या, सिस्कोवर 'आधी टॅकॅक्स, मग लोकल' असं लिहिलं तरी लोकल तेव्हाच वापरलं जातं जेव्हा सर्व्हर उत्तरच देत नाही. सर्व्हर चालू आहे आणि तो 'नाही' म्हणतोय, तर तिथेच संपलं. म्हणून सर्व्हरपर्यंतची वाट मुद्दाम बंद करून राखीव खातं चालतंय का, हे एकदा पाहून ठेवा.

मोबाइलवरून लॉगिन करावं का?

स्थिती बघायला हरकत नाही. कॉन्फिग बदलायला नको. छोट्या कीबोर्डवर ऑटोकरेक्टनं कमांड 'सुधारली' की काय होईल सांगता येत नाही.

सेशन मध्येच लटकतं, पुन्हा लॉगिन करावं लागतं.

बहुतेक वेळा मधला फायरवॉल किंवा नॅट, काही हालचाल नसलेली जोडणी विसरून जातो. एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये 'सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल' ६० सेकंदांवर ठेवा, पुटीत 'कीपअलाइव्ह'चा आकडा शून्यावरून वाढवा. वैतागून राउटरवरचा 'एक्झेक टाइमआउट' शून्य करणं हा त्यावरचा उपाय नव्हे. तसं केलं की लटकलेली सेशन कधीच बंद होत नाहीत, व्हीटीवाय लाइनी भरून जातात आणि शेवटी तुम्हालाच लॉगिन मिळत नाही. कन्सोलवर तर तो शून्य कधीच ठेवू नका. केबल काढून माणूस निघून जातो, पण लॉगिन तसंच राहतं, आणि पुढचा माणूस केबल लावतो तेव्हा त्याला पासवर्ड विचारला जात नाही. दहा मिनिटं पुरतात.